गोळीचे वजन

शाळेत इतिहास शिकवण्याच्या अठ्ठावीस वर्षांत एक वाक्य मी दरवर्षी न चुकता सांगितले. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा धडा आला की फळ्यावर ‘मराठ्यांच्या पराभवाची कारणे’ असे लिहायचे आणि खाली पहिला मुद्दा घालायचा : इंग्रजांकडे आधुनिक बंदुका होत्या, मराठ्यांची शस्त्रे जुनाट होती. मुले तो वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत, आणि मी त्यावर लाल शाईने बरोबरची खूण करीत असे. निवृत्तीनंतर त्या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला. तो उडाला एखादा ग्रंथ वाचून नव्हे. ग्रंथ नंतर आले. आधी हातात आला आजोबांचा एक लोखंडी साचा.

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरी ठासणीची बंदूक होती आणि अजून आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांच्या नावे होता, मग काकांच्या नावे झाला, आता चुलतभाऊ बापूच्या नावे आहे. माकडांना आणि रानडुकरांना बार काढून पळवून लावणे एवढेच तिचे काम. साचा त्या बंदुकीचा. दिसायला मोठ्या अडकित्त्यासारखा : दोन लांब दांड्या, पुढे दोन जाड पाकळ्या, प्रत्येक पाकळीत अर्ध्या गोलाचा खळगा. पाकळ्या मिटल्या की आत पूर्ण गोल पोकळी तयार होते आणि वर एक छोटे भोक राहते. त्या भोकातून वितळलेले शिसे ओतायचे. आजोबा गेल्यापासून तो माळ्यावर पडून होता. गेल्या वर्षी घराची कौले उतरवली तेव्हा बापूने तो भंगारात टाकण्यापूर्वी मला दाखवला, एवढीच त्याची पुनर्जन्मकथा.

मी सहज विचारले, “हा साचा दुसऱ्या कुणाच्या बंदुकीला चालला असता का?” बापू हसला. “कसो चालतलो ताई? साचो बंदुकीवांगडा येता.” साचा बंदुकीबरोबर येतो. नळी बनवणारा लोहारच त्या नळीच्या मापाचा साचा करून देतो. शेजारच्या वाडीतल्या बंदुकीची गोळी आमच्या नळीत एक तर अडकेल, नाही तर खुळखुळेल.

हे उत्तर मला अनेक दिवस पुरले. कारण त्यातून पुढचा प्रश्न आपोआप येतो. एका गावात दोन बंदुकांच्या गोळ्या एकमेकींना चालत नसतील, तर दहा हजार बंदुकांच्या फौजेला गोळ्या कोण आणि कशा पुरवत असेल?

०००

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एकसारखी गोळी पाडणे म्हणजे काय, हे हाताने करून पाहावे असे मला वाटले. परवाना बापूचा, अंगण त्याचे, ओतणाराही तोच. मी वजने करणारी. ओळखीच्या सोनाराने त्याचा जुना काटा दिला. आकडे मी मुद्दाम तोळा, मासा आणि गुंज यांतच लिहिले. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आमच्या साच्याची पोकळी पंधरा मिलिमीटर व्यासाची आहे. शिशाची घनता पाण्याच्या सव्वाअकरापट धरली तर अशी गोळी वीस ग्रॅमची, म्हणजे साधारण साडेवीस माशांची व्हायला हवी. मी हे मोठ्याने वाचले तेव्हा बापूने विचारले, “खयचे मासे?” कोकणात हा शब्द जपून वापरायला हवा.

शिसे तीनशे सत्तावीस अंशांना वितळते. चुलीवरच्या लोखंडी कढईत ते सहज पाणी होते. सोने-तांब्याच्या मानाने हा अगदी आज्ञाधारक धातू, आणि त्यामुळेच फसवा. आजोबा पावसाळ्यात कधी गोळ्या पाडत नसत. पागोळीचा एक थेंब कढईत पडला तरी त्याची क्षणात वाफ होऊन शिसे तोंडावर उडते. पोरांना अंगणातून हाकलून देत, वाऱ्याकडे पाठ करून बसत, आणि हात धुतल्याशिवाय पानसुद्धा तोंडात घालत नसत. शिशाचे विष सावकाश चढते, हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगितले नव्हते.

शिसे वितळले की वर राखाडी मळी येते. मेणाचा तुकडा टाकून ढवळले की थोडे शिसे मळीतून सुटून परत खाली जाते, उरलेली मळी पळीने काढून टाकायची. साच्याच्या खळग्यांना आधी दिव्याची काजळी धरायची, म्हणजे शिसे चिकटत नाही. एवढे करूनही पहिल्या दहा गोळ्या फुकट गेल्या. थंड साच्याला लागल्याबरोबर शिसे गोठते आणि गोळीवर म्हाताऱ्याच्या गालासारख्या सुरकुत्या पडतात. आजोबांचे एक वाक्य तेव्हा बापूला आठवले : “पयल्यो धा गोळयो साच्याच्यो, मागसून येतत त्यो बंदुकेच्यो.” पहिल्या दहा गोळ्या साच्याला तापवण्यासाठी, बंदुकीसाठी त्यानंतरच्या. पुढे साचा फार तापला की उलट होते : गोळीवर दहिवर पडल्यासारखा पांढुरका थर येतो. या दोहोंच्या मधल्या वेळात, एका लयीत, न थांबता ओतत राहायचे. मध्ये कुणाशी बोलायला थांबले की साचा निवतो आणि पुन्हा सुरकुत्या सुरू होतात.

दिसायला सारख्या अशा चाळीस गोळ्या मी काट्यावर टाकल्या. बहुतेक एकमेकींच्या एक-दोन गुंजांच्या आत होत्या. चार-पाच मात्र पाच गुंजांनी हलक्या भरल्या. वरून त्यांत काहीही दोष दिसत नव्हता. बापूने त्यातली एक करवतीने मधोमध कापली. वरच्या बाजूला, देठाच्या अगदी खाली, हरभऱ्याच्या डाळीएवढी पोकळी होती.

याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. द्रव शिसे गोठताना आकाराने सुमारे साडेतीन टक्के आकसते. ती तूट कुठून तरी भरून निघावी लागते. भोकावर शिशाचा चांगला थेंबभर ढीग ठेवला तर गोठता गोठता गोळी तो वरून ओढून घेते. नंतर उरलेला देठ कापून टाकायचा. ओतणाऱ्याने हात आखडता घेतला, तर गोळी ती तूट स्वतःच्या पोटात ठेवते. आमच्या गोळीच्या बाबतीत ती जास्तीत जास्त पाच-सहा गुंजांची भरते. काट्याने जे सांगितले ते हेच.

पोकळी वजनापेक्षाही जास्त त्रास देते, कारण ती मध्यभागी नसते. गोळीचा भार एका बाजूला झुकतो आणि ती हवेत भरकटते. अर्थात निर्दोष गोळीही गुळगुळीत नळीतून सुटल्यावर सरळ जात नाही. हे नीट दाखवून दिले ते बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. तोफा-बंदुकांच्या शास्त्रावरचा त्याचा ग्रंथ १७४२चा. नळीच्या भिंतीला घासल्याने गोळीला एक गिरकी मिळते आणि ती गिरकी गोळीला वाऱ्यात एका बाजूला ओढते, असे त्याचे म्हणणे. ते पटवण्यासाठी त्याने एका बंदुकीच्या नळीचे तोंड डावीकडे वाकवले. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे जाऊन उजवीकडे वळली. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रमुख अभियंता होऊन मद्रासच्या किनाऱ्यावर आला आणि १७५१ साली फोर्ट सेंट डेव्हिड इथे वारला. गोलाच्या उड्डाणाचे कोडे सोडवणारा माणूस आपल्याच मातीत पुरला आहे, हे मला शिकवताना माहीत नव्हते.

०००

पुढे वाचत गेले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. बंदुकीचे माप जगभर गोळीच्या वजनावरून सांगत. ‘बारा बोअरची बंदूक’ हा शब्द आपण सगळेच वापरतो. त्याचा अर्थ, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक जिच्या तोंडात बरोबर बसते ती नळी. वीस बोअरची नळी म्हणून बारापेक्षा अरुंद. जपानमध्ये पोर्तुगीजांनी १५४३ साली बंदूक नेली, तिथेही पुढे बंदुकांची प्रतवारी गोळीच्या वजनाने, ‘मोम्मे’ या मापात झाली. अकबराच्या बंदुकांबद्दल अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहिले आहे. मोठ्या बंदुकीची गोळी पंचवीस टांकांची, इतरांची पंधरा. आणि पंचवीस टांकांची गोळी बादशहाखेरीज कुणी उडवू धजत नाही, अशी पुस्ती त्याने जोडली आहे. टांक चार माशांचा. म्हणजे बादशहाची गोळी आठ तोळ्यांच्या वर. दरबारी लेखकाची थोडी तारीफ वजा केली, तरी त्यातली दुसरी नोंद महत्त्वाची आहे : शाही कारखान्यातल्या प्रत्येक नळीवर लोखंडाचे वजन, कारागिराचे नाव, ठिकाण, तारीख आणि अनुक्रमांक कोरलेला असे. बंदूक राज्याची असली की तिची नोंद राहते. नोंद राहिली की माप राहते.

छऱ्यांची गोष्ट वेगळी. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने १७८२ साली पेटंट घेतले ते उंचावरून शिसे गाळून छरे करण्याचे. पडता पडता थेंब पृष्ठताणाने आपोआप गोल होतो आणि खाली पाण्यात गोठतो. त्यासाठी त्याने स्वतःच्या घरावर मनोरा चढवला. पण ही युक्ती बारीक छऱ्यांपुरतीच. बंदुकीच्या गोळीएवढा मोठा थेंब तेवढ्या वेळात गोठत नाही. म्हणून ठासणीच्या बंदुकीच्या गोळीला त्या काळी साच्याखेरीज गत्यंतर नव्हते.

इंग्रजी लष्कराची चकमकीची बंदूक, जिला ते लाडाने ‘ब्राउन बेस’ म्हणत, तिची नळी पाऊण इंच व्यासाची. त्या नळीत बरोबर बसणारी गोळी पौंडाला अकरा पडली असती. पण सैनिकाला दिली जाई ती गोळी साधारण ०.६९ इंचाची, पौंडाला चौदा. आपल्या मापात पावणेतीन तोळे. म्हणजे गोळी नळीपेक्षा मुद्दाम दीड मिलिमीटर लहान. नेमाच्या दृष्टीने हा सरळ सरळ तोटा आहे. पण चार-सहा बार झाले की नळीत दारूची राख साचते, आणि बरोबर मापाची गोळी खाली उतरत नाही. लहान गोळी उतरते. शिवाय ती कोणत्याही सैनिकाच्या बंदुकीत उतरते. नळ्या एकमेकींपासून केसभर कमीजास्त असल्या, तरी त्या दीड मिलिमीटरच्या फटीत सगळे दोष पोटात घेतले जातात. गोळी आणि दारू कागदात बांधून तयार काडतूस करायचे, पेट्या भरायच्या, आणि पेटी कोणत्या पलटणीला जाते याची चिंता करायची नाही.

इथे मला आपल्या आजोबांचा साचा उलटा दिसू लागला. त्यांची गोळी त्यांच्या नळीला घट्ट बसे आणि नेम चांगला लागे. इंग्रजाने नेम गमावला आणि पुरवठा कमावला. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुका लांब नळीच्या होत्या आणि आपल्या बंदुकीपेक्षा लांबवर मारा करीत, हे त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. बंदुकीला बंदूक लावून पाहिली तर आपली बंदूक जुनाट ठरत नाही. फरक पेटीत होता.

०००

आता मूळ प्रश्न : आपल्याकडे पेटी का नव्हती?

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला. शिवाजी महाराजांच्या पायदळाबद्दल तो लिहितो की मावळे आणि हेटकरी आपली हत्यारे स्वतः घेऊन येत; सरकारातून त्यांना फक्त दारूगोळा मिळे. हेटकरी म्हणजे तळकोकणातले, आमच्याच मुलखातले, नेमबाजीसाठी नावाजलेले लोक. हे वाक्य मी पूर्वी अनेकदा वाचले होते. साचा पाहिल्यानंतर ते वेगळे वाचले. हत्यार ज्याचे त्याचे असेल, तर नळीचे मापही ज्याचे त्याचे. मग सरकार ‘गोळ्या’ देणार कशा? माझा तर्क असा की सरकार देत होते ती दारू आणि शिसे. शिशाची गोळी करणे हे ज्याचे त्याने आपल्या साच्यात करायचे काम होते. गडाच्या तटाखाली, चुलीवर कढई ठेवून, आजोबांसारखेच कुणी तरी पहिल्या दहा गोळ्या साच्याला देत बसलेले असणार.

घोडदळात हाच भेद बारगीर आणि शिलेदार या दोन शब्दांत आहे. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून. शिलेदार दोन्ही स्वतःचे आणतो आणि त्याचा मोबदला घेतो. महाराजांचा कल पागा वाढवण्याकडे होता, हे आपण शाळेत शिकवतो. शिस्त आणि निष्ठा अशी त्याची कारणे सांगतो. तिसरे कारण मापाचे आहे, ते आपण सांगत नाही. पुढे पेशवाईत फौजा सरंजामदारांच्या झाल्या आणि शिलेदारी पुन्हा वाढली. ज्याची फौज त्याची हत्यारे, ज्याचे हत्यार त्याचा साचा.

शिसेही आपले नव्हते. सह्याद्रीच्या काळ्या कातळात शिशाच्या खाणी नाहीत. ते यायचे ते बहुतांशी समुद्रावरून. इंग्रज कंपनीला आपल्याकडे खपण्यासारखा माल फारसा नसे. बनात, तांबे, पारा आणि शिसे ही त्यांतली खपणारी नावे. महाराजांकडून तोफा आणि शिशाची मागणी आल्याचे उल्लेख इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहारात आहेत, आणि फ्रेंचांकडूनही त्यांनी तोफांबरोबर शिसे घेतल्याचे इंग्रज इतिहासकार लिहितात. ज्याच्याशी उद्या लढायचे त्याच्याकडूनच आज गोळीचा धातू विकत घ्यायचा, अशी ती अडचण होती. लगड येईल तेवढी जपून ठेवायची आणि लागेल तसे वितळवायचे. अशा परिस्थितीत ज्याच्या त्याच्या हातात साचा असणे ही सोयच होती. शिसे कोणत्याही रूपात मिळो, त्याची हवी ती गोळी होत होती. आजही आमच्या गावात जाळ्याचे जुने शिसे वितळवून गोळ्या पाडतात. जुन्या बॅटरीतले मात्र घेत नाहीत. ते कडक असते.

म्हणून घरगुती साच्याला मी मागासलेपण म्हणणार नाही. विखुरलेल्या, डोंगरातल्या, अचानक जमणाऱ्या आणि अचानक पांगणाऱ्या फौजेला तो साजेसाच होता. अडचण आली ती युद्धाची रीत बदलली तेव्हा. हजारो बंदुका एका रांगेत, एका हुकमाने, तासन् तास चालवायच्या झाल्या, तेव्हा प्रत्येकाचा साचा वेगळा असून भागेना.

०००

ही गोष्ट मराठ्यांना कळली नव्हती असे मी शिकवत आले. प्रत्यक्षात ती पुरेपूर कळली होती. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याचे आठ-नऊ हजार कवायती पायदळ होते. महादजी शिंद्यांनी १७८४पासून बनॉय द ब्वान्य या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याला हाताशी धरून कंपू उभे केले. कंपूतल्या शिपायाची बंदूक त्याची स्वतःची नव्हती, ती सरकारी होती. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुका तयार होत. एक बंदूक दहा रुपयांत पडे आणि ती युरोपातल्या बंदुकीच्या तोडीची असे, असे त्या काळच्या युरोपीय माहितगारांनी लिहिले आहे. कारखाना एक, नमुना एक, आणि म्हणून साचा एक. शिलेदाराच्या चुलीवरची कढई तिथे विझली होती.

मग १८०३ साली असईला काय झाले? २३ सप्टेंबरला आर्थर वेलस्लीची फौज शिंद्यांच्या कंपूंवर चालून गेली आणि जिंकली. पण तिचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांच्या वर लोक कामी आले. १ नोव्हेंबरला लासवारीला जनरल लेक जिंकला आणि शत्रूच्या पायदळाच्या झुंजीची तारीफ त्याने आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून केली. ज्यांची शस्त्रे जुनाट होती त्यांच्याबद्दल जिंकणारा सेनापती असे लिहीत नाही.

रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराचा याच मोहिमांवरचा ग्रंथ २००३ साली आला. त्याचे प्रतिपादन असे की शस्त्रे आणि कवायत यांत मराठे मागे नव्हते. ते हरले पैशाच्या आणि अधिकाऱ्यांच्या बाबतीत. युद्धाच्या तोंडावर कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्याकडे बोलावले, पगाराची हमी दिली, आणि त्यांतले बरेच निघून गेले. खुद्द सरसेनापती पेराँ लढाईच्या ऐन दिवसांत कंपनीच्या आश्रयाला गेला. पलटणी उभ्या होत्या, बंदुका एका मापाच्या होत्या, गोळ्या एका वजनाच्या होत्या. हुकूम देणारे निघून गेले होते. एकसारखी गोळी पाडणारी व्यवस्था आपण दहा-वीस वर्षांत उभी केली. तिचा पगार वेळेवर देणारी आणि तिला आपले अधिकारी पुरवणारी व्यवस्था तेवढ्या वेळात उभी राहिली नाही.

मी शिकवलेल्या वाक्याची चूक मला इथे नेमकी दिसते. ‘शस्त्रे जुनाट’ म्हटले की दोष लोहारावर जातो. ज्या लोहाराने आमच्या घरचा साचा केला त्याच्या हाताच्या बिरादरीवर तो जातो. त्या हाताने केलेल्या पंधरा मिलिमीटरच्या पोकळीत, निगुतीने ओतले तर, शेकडा एक टक्क्याइतकासुद्धा फरक न पडणाऱ्या गोळ्या आजही पडतात. मी स्वतः तोलल्या आहेत. दोष लोहाराचा नव्हता. तो खजिन्याचा आणि दरबाराचा होता, आणि तो मी वर्षानुवर्षे कारागिराच्या नावावर लिहिला.

०००

गोल गोळीचे युग फार काळ टिकले नाही. १८५३च्या एन्फील्ड रायफलीने लांबट, बुडाशी पोकळ गोळी आणली. ती नळीपेक्षा लहान म्हणून सहज उतरते आणि बार होताच बुडाशी फुगून नळीतल्या आट्यांत घट्ट बसते. नेम की पुरवठा, हा दोनशे वर्षांचा पेच तिने सोडवला. त्याच रायफलीच्या काडतुसाच्या चरबीवरून १८५७ साली काय पेटले, हे सांगायला नको. त्यानंतर १८७८ साली हत्यारांचा कायदा आला. ठासणीची बंदूक परवान्यापुरती खेड्यात राहिली आणि तिच्याबरोबर राहिला साचा.

जुन्या गोळ्या अजून बोलतात, फक्त त्यांना तोलावे लागते. अमेरिकेत मनमथ इथे १७७८ साली झालेल्या लढाईच्या मैदानावर संशोधकांनी जमिनीतून मिळालेल्या शिशाच्या गोळ्या एकेक करून तोलल्या. आपटून चपटी झालेली गोळी मोजता येत नाही, पण तिचे वजन बदललेले नसते. वजनावरून व्यास काढण्याचे सूत्र डॅनियल सिव्हिलिच यांनी मांडले आणि कोणती गोळी इंग्रजी बंदुकीची, कोणती फ्रेंच बनावटीची, हे सांगता येऊ लागले. कुठे कोण उभे होते, हे त्यावरून नकाशावर मांडता येते. आपल्याकडेही रणभूमीच्या आसपासच्या शेतांत नांगराला गोळ्या लागतात आणि त्या शिशाच्या भावाने विकल्या जातात. वितळण्यापूर्वी प्रत्येक गोळी काट्यावर टाकून, कुठल्या शेतात मिळाली ते लिहून ठेवले, तर खर्च एका वहीचा आहे. एका रांगेत सगळ्या गोळ्या एका वजनाच्या निघाल्या तर तिथे कंपू उभा होता. प्रत्येक गोळी वेगळी निघाली तर तिथे शिलेदार होते, ज्याचा त्याचा साचा कमरेला लावलेले.

आमच्या चाळीस गोळ्या बापूने संध्याकाळी परत कढईत टाकून त्यांची लगड केली. साचा त्याने तेल लावून बंदुकीच्या शेजारी खुंटीला अडकवला. भंगाराचा विषय संपला. मध्यंतरी माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी आता स्वतः इतिहास शिकवते, माझ्या टिपणांची वही मागायला आली. वही दिली. देण्यापूर्वी दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचे पान काढले आणि पराभवाच्या कारणांतला पहिला मुद्दा लाल शाईने खोडला. त्याच्या जागी काय लिहायचे याचा थोडा विचार केला आणि लिहिले : ‘बंदुका चांगल्या होत्या. गोळ्याही एका मापाच्या होत्या. पुढचे वर्गात विचारावे.’